चेहरा जुळला, माणूस राहिला: व्यक्तिचित्र काढू पाहणाऱ्यांसाठी

पहिलं व्यक्तिचित्र मी मामाचं काढलं. तीन रविवार खर्ची घातले. नाक, कान, कपाळावरच्या आठ्या, चष्म्याची दांडी, सगळं जिथल्या तिथे. मोठ्या अभिमानाने मामीला दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हुबेहूब आहेत गं. पण कोणाच्या तरी लग्नाला येऊन बसल्यासारखे वाटतायत."

राग आला. मग चित्र भिंतीला टेकवून लांबून पाहिलं, तर तिचं बरोबर होतं. चेहरा मामाचा होता, पण चित्रात तो पाहुणा होता. छाती पुढे, मान ताठ, ओठ मिटलेले. घरात तो असा कधीच बसत नाही.

त्या चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत पोचायला मला वर्ष लागलं. त्यात ज्या चुका झाल्या त्या तुमच्या वाट्याला कमी याव्यात म्हणून हे लिहितेय. ज्यांना डोळे-नाक-कान बरे काढता येतात, साम्यही येतं, पण आतला माणूस सापडत नाही, त्यांच्यासाठी हे आहे. अगदीच पहिल्यांदा पेन्सिल धरत असाल तर सहावी पायरी आधी वाचा.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. चेहऱ्यावर भाव 'आणायचे' नसतात. 'आज उदास चेहरा काढू' असं ठरवून बसलात की नाटकातला उदास माणूस तयार होतो. आपल्याकडे कोणी बघतंय हे समोरचा विसरला की त्याच्या चेहऱ्यात, खांद्यांत, बोटांत जे उरतं ते बघायचं आणि मांडायचं. पुढच्या बहुतेक पायऱ्या त्याला विसरायला मदत करण्याच्या आहेत, चित्रकलेच्या थोड्याच.

काय काय लागेल

- कोळशाच्या कांड्या, जाड आणि बारीक. नसतील तर ४बी आणि ६बी या मऊ, गडद पेन्सिली. मी कोळसाच सुचवेन. तो पटकन पुसता येतो आणि त्याने बारीकसारीक कोरत बसता येत नाही. नवख्याला दोन्ही फायद्याचं.
- मळता येणारा रबर. याने खोडायचं कमी, उजेड उचलायचा जास्त, म्हणजे काळं टिपून कागद उजळ करायचा.
- थोडा खरखरीत कागद, ए३ पेक्षा लहान नको.
- बोर्ड आणि तो उभा ठेवायला ईझल किंवा दुसऱ्या खुर्चीची पाठ. बोर्ड मांडीवर आडवा ठेवून काढलात तर कागदाकडे तिरकं बघितलं जातं आणि उभा धरल्यावर चेहरा लांबुडका निघतो.
- हातात मावणारा आरसा. तीन ठिकाणी कामाला येतो, पुढे सांगते.
- ओळंबा. गवंड्याचा नको, दोऱ्याला नट बांधला की झालं.
- कागदी चिकटपट्टी, खुणा करायला.
- खिशात मावणारी वही आणि गजर लावता येईल असं घड्याळ.

कागदपत्रं? हो, एक

हसू नका. ओळखीतल्या माणसालाही आधी विचारा आणि चार ओळी लिहून ठेवा: चित्र कोणाकडे राहणार, कुठे दाखवलं तर चालेल, इंटरनेटवर टाकायचं की नाही, आणि मध्येच 'नको' वाटलं तर थांबायचं. तारीख घालून दोघांनी सही करायची. मूल असेल तर पालकांची सही हवीच, पण मुलालाही विचारा. माझ्या एका चित्रावरून नात्यात सहा महिने अबोला झाला होता. कारण एवढंच, की मी ते न विचारता दहा जणांना पाठवलं. चित्र चांगलं होतं, आणि त्यामुळेच जास्त लागलं.

१. आधी स्वतःला बसवा

सर्वांत सोशिक मॉडेल आपणच. बोलावलं की हजर आणि चित्र बिघडलं तरी रुसत नाही. डच चित्रकार रेम्ब्रांटने नुसती रंगवलेली आत्मचित्रंच चाळीसच्या आसपास केली, ॲसिडने कोरलेली आणि रेखाटलेली वेगळी. जर्मन चित्रकर्ती केटे कोलवित्झ (१८६७–१९४५) विशीपासून सत्तरी उलटेपर्यंत स्वतःचा चेहरा काढत राहिली. ती चित्रं ओळीने बघा. हसू क्वचितच दिसतं आणि कपाळाला लावलेला हात पुन्हा पुन्हा येतो.

इथला सापळा असा: आरशात बघून काढलेली नवख्यांची आत्मचित्रं जवळजवळ सगळी रागीट दिसतात. आपण तापट असतो म्हणून नव्हे. बारकाईने बघताना भिवया आपोआप जवळ येतात आणि तोच चेहरा आरशात दिसतो. म्हणजे आपण आपल्याला काढत नाही, बघण्याचे कष्ट काढतो.

यावर उपाय आहे. आरशात पाच श्वास बघा, मग आरसा पालथा घाला आणि आठवेल तेवढंच काढा. अडलं की पुन्हा पाच श्वास. असं आठवडाभर, रोज अर्धा तास. शेवटी सात कागद जमिनीवर मांडा. झोप न झालेल्या दिवसाचा कागद तुम्ही तारीख न बघता ओळखाल, आणि तो कशावरून ओळखला हे लिहून काढा. माझ्या बाबतीत डोळ्यांखालची काळी वर्तुळं वगैरे काही नव्हतं. वरची पापणी बुबुळावर नेहमीपेक्षा केसभर खाली आली होती, बस.

२. कोणाला बसवायचं

ज्याच्यासोबत गप्प बसता येतं असा माणूस निवडा. सुंदर चेहरा शोधू नका, त्याचं सौंदर्य सांभाळण्यातच तुमची ताकद जाईल. सुरकुत्या भरपूर म्हणून म्हातारं माणूस निवडायची एक फॅशन आहे, तीही नको. सुरकुत्या काढल्या की खोली आली असं वाटतं, आणि बहुतेक वेळा आलेल्या फक्त सुरकुत्याच असतात.

नुकतंच गेलेलं जवळचं माणूस फोटोवरून काढायला पुष्कळ जण सुरुवातीलाच घेतात. त्यामागची ओढ मला कळते. पण ते चित्र दहावं असू द्या, पहिलं नको.

३. पहिल्या भेटीत चित्र काढू नका

फक्त वही न्या. माणसाला त्याच्या हाताच्या कामाबद्दल विचारा: काय येतं, कोणाकडून शिकलात, चुकायचं कुठे. स्वतःविषयी सांगा म्हटलं की लोक सावध होतात, कामाविषयी विचारलं की सैल होतात. तुम्ही बोलणं ऐकायचं आणि वहीत क्रियापदं लिहायची. 'प्रेमळ', 'खंबीर' असली विशेषणं नकोत, ती चित्रात उतरवता येत नाहीत. 'बोलताना चष्मा काढतो', 'उत्तर देण्याआधी डावीकडे खाली बघतो', 'हसला की लगेच तोंडावर हात नेतो', हे उतरवता येतं.

मामा आयुष्यभर छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवत आला. शिशाच्या प्रत्येक खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. अक्षर सुलटं धरलंय की उलटं हे जुळाऱ्याच्या बोटाला त्या खाचेवरून कळतं, दर वेळी बघावं लागत नाही. त्या दिवशी मामा बोलत होता आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीच्या पेरावरून सारखा फिरत होता. मधेच थांबे, पुन्हा फिरे. छापखाना बंद होऊन कैक वर्षं झाली आहेत. पहिल्या चित्रात मी त्याचे हात कागदाच्या बाहेर ठेवले होते!

समोरच्याला मुद्दाम डिवचावं, म्हणजे खरा चेहरा बाहेर येतो, असं सांगणारे भेटतील. ते हमखास यूसुफ कार्श या छायाचित्रकाराचा दाखला देतात. ३० डिसेंबर १९४१ ला कॅनडातल्या ओटावात त्याने ब्रिटिश पंतप्रधान चर्चिलच्या तोंडातला सिगार काढून घेतला आणि त्या क्षणी फोटो टिपला. जगाने त्या चेहऱ्यात महायुद्धाला भिडलेला निर्धार पाहिला, पण चेहऱ्यावर होता तो सिगार गेल्याचा वैताग. मला त्यातून दोन गोष्टी दिसतात. एक, बघणारा आपल्या मनातलं चित्रात भरतो, तेव्हा आपण फार भरायची गरज नाही. दोन, फोटो क्षणात होतो. चित्राला तास लागतात, आणि चिडलेला माणूस तासभर बसत नाही.

४. उजेड

एकच खिडकी, एका बाजूने, डोळ्यांच्या पातळीपेक्षा वरून येणारा उजेड. बाकीचे दिवे बंद. थेट ऊन नको, ते सरकतं. समोरून सपाट उजेड पडला की चेहऱ्याचे उंचसखल भाग पुसले जातात आणि पासपोर्टचा फोटो होतो. दिव्यानेच काम करायचं असेल तर दिवा बाजूला आणि थोडा वर ठेवा, आणि बैठकीमागून बैठक त्याच जागी ठेवा. आता डोळे अर्धवट मिटून बघा. चेहरा दोन-तीन मोठ्या छटांत दिसला तर उजेड बरोबर आहे. यापेक्षा जास्त डोकं इथे खपवू नका.

५. बसवणं, आणि बसू देणं

वीस मिनिटं बैठक, पाच मिनिटं सुट्टी. गजर लावा, नाहीतर तुम्ही विसराल आणि समोरचा संकोचाने बोलणार नाही. खुर्चीचे पाय, पावलं आणि टेकला असेल तर कोपर यांच्या जागा चिकटपट्टीने आखून ठेवा, म्हणजे सुट्टीनंतर पुन्हा तसंच बसता येतं.

आता या लेखातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. पहिल्या बैठकीत सुरुवातीला माणूस 'बसतो'. पोट आत, हनुवटी वर, डोळे जागे. साधारण बाराव्या-पंधराव्या मिनिटाला काहीतरी सुटतं. आधी खांदे उतरतात, मग मान किंचित पुढे येते, मग खालचा ओठ सैल पडतो. नवखा चित्रकार इथे काय करतो? "हललात! मघासारखे बसा ना." मीही हेच केलं होतं. मामा बिचारा दर वेळी पुन्हा लग्नाला येऊन बसायचा.

म्हणून पहिली बैठक फेकून द्यायची आहे असं धरून चला. त्या वेळात हात मोकळा करा, बारीक रेखाटनं करा, बोर्डवर काहीतरी चाललंय एवढं त्याला दिसू द्या. दुसऱ्या बैठकीत शरीर आपलं वजन जिथे टाकेल ती खरी ढब. खरं चित्र तिथून सुरू करा. खांदे दोन बोटं खाली आले असतील तर ते दोन बोटं खालीच काढायचे.

बोलायचं की गप्प बसायचं? मी पहिल्या बैठकीत बोलते, दुसरीत हळूहळू बोलणं तोडते. रेडिओ चालतो. फोन मात्र समोरच्याच्या हातात देऊ नका. विसरेल खरा, पण फोनमध्ये. मग चेहऱ्यावर फोनच दिसतो.

६. आधी कवटी, मग मन

आत्म्याच्या गोष्टी करणाऱ्यांना हे रुक्ष वाटेल, पण डोक्याची जडण चुकली की पुढचं सगळं वाऱ्यावर. थोडक्यात:

- डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात. माथ्यापासून हनुवटीपर्यंत डोक्याची उंची मोजा. नवखे ते हमखास वर काढतात, कारण त्यांना कपाळात काही 'दिसत' नाही.
- दोन डोळ्यांत साधारण एका डोळ्याएवढं अंतर. समोरून डोक्याची रुंदी साधारण पाच डोळे.
- कान भिवयांपासून नाकाच्या तळापर्यंत.
- ओळंबा हात ताठ करून धरा. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली काय येतं? नाकपुडी की तिच्या बाहेरची बाजू? हनुवटीचा मध्य कुठे? कागदावर तेच येतंय का?

हे आकडे सरासरीचे आहेत. ते पाठ करायचे ते समोरचा माणूस त्यांपासून कुठे सुटतो हे कळावं म्हणून. चेहऱ्याच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात, आणि माणूस बराचसा त्या फरकात असतो. मामाचा डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक आहे. मी पहिल्या चित्रात तो 'सुधारला'. दोन्ही डोळे सारखे केले आणि तिथेच मामा गेला.

आरसा इथे दुसऱ्यांदा कामाला येतो. चित्राकडे पाठ करून उभे राहा आणि खांद्यावरून आरशात चित्र बघा. उलटं दिसलं की चुका ओरडून सांगतात.

७. डोळे आणि जिवणी

इथे घाई नको. मीही इथे रेंगाळणार आहे.

डोळ्यांविषयी पहिली गोष्ट: डोळ्याचं पांढरं पांढरं नसतं. तो गोळा आहे, त्याला छटा आहे, आणि वरच्या पापणीची सावली त्यावर पडते. कागद कोरा सोडलात की डोळे वटारलेले दिसतात. पापण्यांचे केस एकेक काढू नका, वरच्या पापणीची कड गडद केली की पुरे. डोळ्यातला चमकता ठिपका एकच, खिडकी ज्या बाजूला आहे त्या बाजूचा. तो मोठा केला की डोळ्यात पाणी आल्यासारखं दिसतं. लोकांना ते आवडतं. तुम्ही मात्र मोहात पडू नका.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. जवळचं बघताना दोन्ही बुबुळं नाकाकडे झुकतात, लांबचं बघताना समांतर होतात. माणूस विचारात हरवला की समोरची भिंत त्याला दिसत नसते, डोळे भिंतीच्या पलीकडे कुठेतरी लागलेले असतात. म्हणजे बुबुळं समांतर. चित्रात हा फरक पेन्सिलीच्या एका रेघेएवढा असतो. पण तेवढ्यावर 'माझ्याकडे बघतोय' आणि 'माझ्यातून आरपार बघतोय' हे ठरतं. तुमचं चित्र तुमच्याकडे बघत असेल आणि समोरचा माणूस तसा बघत नसेल, तर बुबुळं तपासा.

जिवणीचं सांगायचं तर ओठांना बाहेरून रेघ मारणं थांबवा. सर्वांत गडद रेघ दोन ओठ मिटतात तिथे असते. वरून उजेड असेल तर वरचा ओठ सावलीत आणि खालचा उजेडात. खालच्या ओठाला कड जवळजवळ नसतेच, त्याच्याखालच्या सावलीवरून तो कळतो. दात दिसत असतील तर दातांमधल्या फटी काढू नका, नाहीतर कुंपण होतं.

सगळी गंमत कोपऱ्यांत आहे. ओठ संपतो तिथे बारीकशी खळी असते. ती केसभर वर गेली तर समाधान, आत ओढली गेली तर आवरून धरलेलं काहीतरी. लिओनार्दोने 'मोना लिसा'मध्ये ओठांचे आणि डोळ्यांचे कोपरेच धुरकट ठेवले आहेत, म्हणून ती हसतेय की नाही याचा निकाल लागत नाही. तुम्हालाही कोपरा नक्की कळत नसेल तर बोटाने हलकेच पुसा. खोटं काढण्यापेक्षा धूसर बरं.

हसू हवंच असेल तर आधी कसलं हसू ते बघा. गिओम द्युशेन या फ्रेंच वैद्याने १८६२ मध्ये दाखवून दिलं की ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपण मनात आणलं की हलवू शकतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू सहसा मनापासून हसल्यावरच आवळतो. कॅमेऱ्यासमोरच्या हसण्यात जिवणी हसते, गाल वर जातात, पण डोळ्यांखालचा भाग सपाट राहतो. तसं असेल तर तसंच काढा. लोकांसमोर हसू धरून ठेवणं हाही एक स्वभाव असतो, आणि तो कधी कधी मोकळ्या हसण्यापेक्षा जास्त सांगून जातो.

८. हात विसरू नका

चेहरा सांभाळायची आपल्याला जन्माची सवय असते. हात सांभाळायची नसते. म्हणून चेहरा बंद असेल तेव्हा हात बघा.

रेम्ब्रांट १६६९ मध्ये गेला. त्याच वर्षीचं, वयाच्या ६३व्या वर्षी स्वतःला रंगवलेलं त्याचं एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यात त्याने हात एकमेकांत धरलेत. क्ष-किरणांखाली दिसलं की आधी हात मोकळे होते आणि त्यांत कुंचला होता. त्याने तो रंगवून झाकला. 'मी चित्रकार' असं सांगणारी वस्तू काढून टाकली आणि नुसता बसलेला म्हातारा ठेवला. माझ्या टेबलासमोर मी यावर एक चिठ्ठी लावली आहे: 'कुंचला झाक.'

हात काढता येत नाहीत म्हणून ते खिशात घालायचे किंवा कागदाच्या बाहेर ठेवायचे, ही पळवाट सगळेच वापरतात. हात मोज्यासारखा काढा, आधी एक आकार, मग एखाद-दुसरं बोट सुटं. पाचही नखं दाखवायचा हट्ट नको. सरावाला आरशातला आपला डावा हात आहेच, तो आरशाचा तिसरा उपयोग. डावखुरे असाल तर उजवा.

दुसऱ्या चित्रात मी मामाचा अंगठा आणि तर्जनी काढायला दोन पूर्ण बैठका दिल्या. हलणारं बोट स्थिर काढायचं कसं? नाहीच काढता आलं. शेवटी अंगठा दोन जागी हलका काढला, दोन्ही रेघा ठेवल्या, पुसल्या नाहीत.

९. वस्तू: असल्या तर एकच

व्हॅन गॉगने १८९० मध्ये डॉक्टर गाशे यांना रंगवलं, गाल मुठीवर टेकलेला. समोर फॉक्सग्लोव्हची डहाळी ठेवली. या झाडापासून हृदयावरचं औषध बनतं. वैद्य कळला, विषय संपला. आपण मात्र पुस्तकं, वाद्य, कुंडी, पदकं सगळं मांडतो आणि माणूस प्रदर्शनातल्या स्टॉलवर बसवतो. वस्तू तो माणूस खरोखर हाताळत असेल तरच घ्या. शंका असेल तर नको.

१०. काय काढायचं नाही

सगळा चेहरा सारख्याच बारकाईने काढला की तो मेणाचा होतो. आपलीही नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर सगळीकडे सारखी फिरत नाही. दोन-तीन जागा ठरवा, तिथेच कडा धारदार ठेवा. बाकीच्या कडा पार्श्वभूमीत विरघळू द्या. केसांचा मागचा भाग, लांबचा कान, सावलीतला गाल, सदऱ्याची शिवण, हे अर्धवट सोडलं तर चालतं. मामाच्या चित्रात डावा डोळा, जिवणीचा उजवा कोपरा आणि अंगठा, एवढंच धारदार आहे. दुसरा कान मी काढलेलाच नाही, आणि आजवर कोणी तो विचारलेला नाही.

फोटोवरून काढायची वेळ आली तर

मोबाइल तोंडाजवळ धरून घेतलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात. म्हणून फोटो दीड-दोन मीटरवरून घ्या, हवं तर नंतर कापा. एकाच फोटोवर अवलंबून राहू नका. एकाच बैठकीतले वीस-पंचवीस घ्या, त्यांतले 'रेडी' म्हणण्याआधीचे आणि 'झालं' म्हटल्यानंतरचे बाजूला काढा. कामाचे तेच. गिरवून बाह्यरेषा घ्यायला माझी हरकत नाही, फक्त नंतर फोटो पालथा घालून वहीतली क्रियापदं वाचा आणि मग छटा भरा.

११. चित्राचं तोंड भिंतीकडे

साम्य आलं, पण काहीतरी खटकतंय आणि नेमकं काय ते कळत नाही, अशा वेळी खोडत बसू नका. चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा. निदान आठवडाभर.

पिकासोने १९०५-०६ च्या हिवाळ्यात गर्ट्रूड स्टाइन या लेखिकेला कितीतरी बैठकांना बसवलं. जमेना, तेव्हा तिचं डोकंच पुसून टाकलं आणि उन्हाळ्यात स्पेनला निघून गेला. परत आल्यावर तिला समोर न बसवता डोकं रंगवलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात ते चित्र आहे. चेहरा मुखवट्यासारखा दगडी झालाय आणि तरी नजर हटत नाही.

आपण पिकासो नाही. पण आठवड्यानंतर आठवणीतून एक छोटं रेखाटन करून बघा. आठवणीत जे टिकलं ते बहुधा महत्त्वाचं असतं. त्याच्याशी मूळ चित्र ताडून बघा, दोन-तीन दुरुस्त्या करा आणि थांबा. कोळसा असेल तर त्यावर फिक्सेटिव्हचा (कोळसा कागदावर धरून ठेवणारा फवारा) हलका थर द्या, खिडकी उघडी ठेवून. हा वास बंद खोलीत घेऊ नये.

१२. दाखवणं

चालू चित्र समोरच्याला दाखवू नका. त्याने पाहिलं की पुढच्या बैठकीत तो चित्राला सुधारायला बसतो, हनुवटी वर येते. हे आधीच सांगून ठेवलं की वाईट वाटत नाही.

पूर्ण झाल्यावर दाखवावंच लागतं, आणि तिथे काही हातात नसतं. १९५४ मध्ये चर्चिलच्या ऐंशीव्या वाढदिवसाला ब्रिटिश संसदेच्या सभासदांनी त्याला चित्रकार ग्रॅहम सदरलँडकडून त्याचं चित्र करवून भेट दिलं. सदरलँडने खुर्चीत रुतलेला, थकलेला म्हातारा रंगवला. चर्चिलला ते मुळीच आवडलं नाही. समारंभात त्याने 'आधुनिक कलेचा उल्लेखनीय नमुना' असं म्हणून सभागृह हसवलं, आणि पुढे ते चित्र घरच्यांनीच नष्ट करवलं. सिगार हिसकावून काढलेला फोटो जगभर गेला, आणि समोर बसवून रंगवलेलं चित्र जाळात. तेव्हा "मी असा दिसतो?" हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. वाद घालू नका, समजावून सांगू नका, 'हे तुमचं अंतरंग आहे' असलं तर चुकूनही म्हणू नका. कोणालाही आपलं अंतरंग दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं नसतं.

मामाला दुसरं चित्र दाखवलं तेव्हा मामी शेजारी होती. ती या वेळी काही बोलली नाही, चष्मा आणायला आत गेली. मामाने चित्र लांब धरलं, मग जवळ आणलं. चेहऱ्याकडे फारसं बघितलंच नाही. खाली हातापाशी थांबला.

"अंगठा दोनदा काढलायस," तो म्हणाला.

"हलत होता."

"हलत होता?" त्याने उजवा हात उचलून बघितला, जसा काही दुसऱ्याचा आहे. मग तो मांडीवर ठेवला आणि त्यावर डावा हात पालथा ठेवून दिला. मामी चष्मा घेऊन आली तोवर खालचा अंगठा पुन्हा फिरायला लागला होता.